मशीनमध्ये हात घालण्याआधी: कुलूप, टॅग आणि खिशातली किल्ली

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी मेंटेनन्सला लागलो तेव्हा ‘लॉकआउट’ (दुरुस्तीआधी मशीनची वीज तोडून स्विचला कुलूप लावणं) हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. पण आमच्या मिस्त्रींची एक पद्धत होती. मोटरीला हात लावायच्या आधी ते मेन बोर्डाकडे जायचे, तिन्ही फ्यूजच्या ग्रिपा ओढून काढायचे आणि पँटच्या खिशात टाकायचे. मी मशीनखाली शिरायला लागलो की विचारायचे, "ग्रिपा कुठं आहेत रे?"

"तुमच्या खिशात, मामा."

"मग जा आत."

या पद्धतीनं आम्हाला बरीच वर्षं सांभाळलं. तरी तिच्यात एक भोक होतं. ग्रिपा त्यांच्या खिशात असायच्या आणि आत मी असायचो. त्यांना दुसऱ्या मशीनवर बोलावणं आलं, किंवा कुणी शेजारच्या फीडरची (वीज आणणाऱ्या लाइनीची) ग्रिप उपसून इथं घातली, तर माझ्या हातात काहीच उरत नव्हतं. ज्याचं अंग मशीनमध्ये आहे, किल्ली त्याच्याच खिशात हवी. हे रोजच्या कामात कसं बसवायचं ते इथं पायरीपायरीनं लिहितो. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकतीकडच्या फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सची युनिटं आणि चिकोडी, निपाणी, संकेश्वर, खानापूर पट्ट्यातले साखर कारखाने डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण मला माहीत असलेली मशीनं तीच.

लाइट गेली, तोवर साफ करून घेऊ

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मी तेव्हा ज्या फाउंड्रीत होतो तिथं, दुपारी लाइट गेली. सँड मिक्सरच्या आत, पात्यांना आणि चाकांना वाळू घट्ट चिकटून बसली होती. एरवी मिक्सर थांबवला की मोल्डिंग थांबतं आणि ओरडा होतो, म्हणून लाइट गेली की साफसफाई, असा सगळ्यांचाच रिवाज होता. एक हेल्पर छिन्नी-हातोडा घेऊन आत उतरला. मिक्सरचा स्विच जुन्या फिरत्या पद्धतीचा होता, ‘चालू’वर ठेवला की चालूवरच राहणारा. लाइट गेली तेव्हा तो चालूवरच होता आणि बंद करायचं कुणाला सुचलं नाही. अकरा मिनिटांनी लाइट आली. त्या पोराचा पाय गुडघ्याखाली गेला.

मशीन थांबलेलं होतं, एवढं खरं. ते बंद केलेलं नव्हतं. थांबलेलं, बंद केलेलं आणि बंद राहील असं केलेलं, या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि माणसानं आत जायचं ते फक्त तिसऱ्या अवस्थेत.

कायद्यालाही हे नवं नाही. फॅक्टरीज अॅक्ट, १९४८ च्या कलम २४ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीनं एक पोटकलम आलं: वीज तोडणारं जे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकतं, ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करायची सोय हवी. फिरत्या मशीनजवळच्या कामाबद्दल कलम २२ होतं, टाकी-खड्ड्यात उतरण्याबद्दल कलम ३६. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनं घेतली आहे, पण मालकाची जबाबदारी त्यानं कमी होत नाही. कर्नाटकात हे सगळं कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य खात्याकडे येतं.

एकदाच करायचं काम: मशीनची कुंडली

कुलपं विकत आणण्याआधी एक वही आणि पेन्सिल घ्या आणि प्रत्येक मशीनभोवती फिरा. या मशीनमध्ये काय काय येतं, कुठून येतं, कुठं तोडता येतं, आणि तोडल्यावर आत काय शिल्लक राहतं, हे चार प्रश्न विचारायचे. उत्तरं ऑफिसात बसून लिहायची नाहीत. ड्रॉइंगवर एक फीडर असतो आणि भिंतीमागून कुणीतरी सोयीसाठी ओढलेला दुसरा सापडतो.

माझ्या अनुभवात हमखास सुटणाऱ्या गोष्टी या.

कंट्रोल सप्लाय (बटणांना आणि कॉइलला लागणारी वीज) दुसऱ्या पॅनेलमधून आलेला असतो. मशीनचा आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडला, तरी टर्मिनल पट्टीवर शेजारच्या मशीनच्या इंटरलॉकचे (अट पुरी झाल्याशिवाय मशीन सुटू न देणाऱ्या सोयीचे) २३० व्होल्ट हजर असतात. साखर कारखान्यातल्या मोठ्या मोटरींना ओल धरू नये म्हणून आत हीटर असतो आणि त्याचा सप्लाय वेगळा असतो. मोटर मेलेली आणि टर्मिनल बॉक्स जिवंत.

डीजी सेट (डिझेल जनरेटर) ऑटोवर असेल तर तुम्ही मेन पाडला की त्याला वाटतं लाइट गेली, आणि काही सेकंदांत तो स्वतःहून चालू होऊन बसबार (पॅनेलमधल्या वीज वाटणाऱ्या पट्ट्या) भरतो. मेनवर काम असेल तेव्हा डीजीचा सिलेक्टर ‘ऑफ’वर हवा आणि त्याच्या ब्रेकरलाही कुलूप हवं. छपरावर सोलर बसवलं असेल तर इन्व्हर्टर ग्रिड नसताना थांबतो, पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरीत ऊन आहे तोवर करंट असतो.

आणि आपोआप चालू होणारी मशीनं. कॉम्प्रेसर शांत उभा दिसतो, कारण टाकीत प्रेशर भरलंय. कुणी हवा वापरली, प्रेशर उतरलं की तो स्वतः सुटणार. फ्लोट स्विचवरचा पंप तसाच. यांच्याजवळ उभं राहून "बंदच आहे की" म्हणणारे मी खूप पाहिले.

ही यादी एका पानावर, मोठ्या अक्षरांत लिहून लॅमिनेट करून मशीनवरच अडकवा. त्यात तोडायच्या प्रत्येक जागेला नंबर द्या आणि तोच नंबर त्या स्विचवर, व्हॉल्व्हवर रंगवा. रात्रपाळीत झोपमोड झालेल्या माणसाला एमसीसीत, म्हणजे सगळ्या मोटरींच्या स्विचांच्या पॅनेलमध्ये, ‘एमसीसीमधला तिसऱ्या रांगेतला डावीकडून दुसरा’ शोधायला लावू नका.

सामान

फार लागत नाही. प्रत्येक माणसाला स्वतःचं लाल कुलूप, एकच किल्ली असलेलं. एका स्विचवर अनेक कुलपं लागावीत म्हणून सहा भोकांचे हॅस्प. एमसीबीवर (छोट्या ब्रेकरवर) बसणाऱ्या क्लिपा, व्हॉल्व्हच्या चाकावर बसणारी कवचं, आणि जिथं काहीच बसत नाही तिथं गुंडाळायला केबल लॉक. प्लगवर चालणाऱ्या मशीनसाठी प्लग आत ठेवून कुलूप लावायची छोटी डबी. मोठ्या कामासाठी एक पेटी, तिच्याबद्दल पुढं येतं.

लोखंडी पेटीचा जुना स्विच असेल तर त्याच्या हँडलला बहुधा कुलपासाठी भोक असतं, फक्त रंगाच्या थरांखाली बुजलेलं. खरवडून बघा. फिरत्या हँडलच्या एमसीसीबीलाही (मोठ्या ब्रेकरलाही) बहुतेक वेळा सरकपट्टी असते. उघड्या लाकडी बोर्डावर कट-आउट असतील तर तिथं सुरक्षित कुलूप लागतच नाही. तो बोर्ड बदलणं हाच उपाय आणि या कामातला खरा खर्चही तोच.

कुलपं फक्त याच कामासाठी. लॉकरला, सायकलला, टूल बॉक्सला तीच कुलपं लागायला लागली की लाल कुलपाचा अर्थ महिन्याभरात मरतो.

टॅगबद्दल आपल्या भागात एक वेगळी अडचण आहे. एकाच शेडमध्ये बेळगाव-खानापूरचा मराठी माणूस, गोकाक-बैलहोंगलचा कन्नड माणूस आणि बिहार-ओडिशातून आलेला हिंदी समजणारा पोरगा काम करतात. टॅग एकाच भाषेत असेल तर उरलेल्या दोघांना तो नुसता पुठ्ठा आहे. तिन्ही भाषा घाला, कन्नड कन्नड लिपीतच. ‘काम चालू आहे, स्विच लावू नका’, ‘केलस नडेयुत्तिदे, स्विच हाकबेडि’, ‘काम चालू है, स्विच ऑन मत करना’. काहींना कुठलीच लिपी नीट वाचता येत नाही, म्हणून त्यावर कुलूप लावणाऱ्याचा फोटो हवाच. फोटोनं आणखी एक गोष्ट होते. अनोळखी कुलूप तोडायला हात पटकन उठतो, पण ज्याच्याबरोबर दुपारी डबा खाल्ला त्याचा चेहरा समोर असला की हात थांबतो. नाव, मोबाइल, तारीख, वेळ आणि कामाचं स्वरूप खोडता न येणाऱ्या पेनानं लिहा.

टॅग एकटा पुरेसा नाही. टॅग सांगतो, कुलूप अडवतं.

काम सुरू होताना

आधी सांगणं. मशीन चालवणाऱ्याला, त्याच्या सुपरवायझरला, आणि त्या मशीनवर ज्यांचं पुढचं-मागचं काम अवलंबून आहे त्यांना. कोणतं मशीन, किती वेळ, कोण करतंय. फोनवर "बंद कर रे" एवढं म्हणून भागत नाही. तीन नंबर आणि चार नंबरच्या प्रेसमध्ये घोळ होऊन चुकीचं मशीन बंद झालेलं मी पाहिलंय.

मग मशीन नेहमीच्या रीतीनं थांबवा. चालत्या मशीनचा मेन ओढायचा नाही. भरल्या लोडवर आयसोलेटर उघडला तर आर्क (ठिणगीचा भडका) तोंडावर येतो. स्टॉप बटणानं थांबवा, पूर्ण थांबू द्या, नंतर आयसोलेटर पाडा. पाडताना पॅनेलच्या समोर छाती करून उभं राहू नका, बाजूला उभे राहा आणि तोंड वळवा.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण शिकलेले लोकही त्यात अडकतात. लाल बटण, इमर्जन्सी स्टॉप, पेंडंट (लटकत्या वायरीवरची बटणांची पेटी), पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) स्क्रीन, गार्डचा इंटरलॉक, यातलं काहीही वीज तोडत नाही. ते कॉन्टॅक्टरच्या (मोटरीला वीज जोडणाऱ्या, कॉइलवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला ‘सोड’ म्हणून सांगतात. कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट चिकटलेले असतील, कंट्रोल वायर कुठं अर्थ झाली असेल, तर सांगणं वाया जातं. इमर्जन्सी स्टॉप दाबून टूल बदलणारा माणूस एका छोट्या कॉइलवर आपला हात गहाण ठेवतो. वीज तोडायची ती पॉवर सर्किटमध्ये, जिथं तिन्ही फेज उघडतात तिथं.

कुंडलीतल्या प्रत्येक जागी हेच: हवेचा व्हॉल्व्ह, वाफेचा, तेलाचा, पाण्याचा. प्रत्येक जागी कुलूप आणि टॅग. मशीनवर तिघं काम करणार असतील तर हॅस्पमध्ये तीन कुलपं. "मी याच्याबरोबर आहे, याचं एकच पुरे" हे चालत नाही. मदतनीस नवा असला, ठेकेदाराचा असला, एका दिवसासाठी आलेला असला, तरी त्याचं कुलूप त्याचं. किल्ली खिशात, खिशाला चेन किंवा बटण.

आत दडलेली ताकद

कुलूप लागलं की बहुतेकांना वाटतं काम झालं. मला विचाराल तर खरी जोखीम इथून पुढं आहे, कारण वीज तोडली म्हणून मशीनमधली ताकद संपत नाही. या टप्प्याला घाई करू नका.

हायड्रॉलिक्स आधी घेतो, कारण बेळगावात ते घरोघरी आहे. १०० मिमी बोअरच्या सिलिंडरमध्ये २०० बारचं तेल असेल तर रॉडवर जवळपास १६ टनांचा जोर असतो. पॉवर पॅक बंद केला तरी व्हॉल्व्हनं अडवलेलं तेल त्याच प्रेशरला आत बसून राहतं. अॅक्युम्युलेटर असेल तर नायट्रोजनच्या दाबाखाली तेलाचा साठा तयारच असतो. म्हणून आधी भार खाली उतरवा किंवा ठोकळ्यांवर टेकवा, मग अॅक्युम्युलेटरचा ड्रेन व्हॉल्व्ह टाकीकडे उघडा, डायरेक्शन व्हॉल्व्हचा हँड ओव्हरराइड दोन्ही बाजूंना दाबून अडकलेलं तेल सोडा आणि गेज शून्यावर आलेला बघा. गेज खराब असू शकतो, म्हणून फिटिंग सैल करताना अर्धा आटा फिरवा, थांबा, मग पुढं. गळती शोधताना हात कधीही फिरवू नका. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. वरून मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि आत तेल पसरत असतं. अशी जखम झाली तर मलम लावून घरी पाठवू नका. ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि डॉक्टरांना ‘हाय प्रेशरचं तेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा. बहुधा ऑपरेशन लागतं आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही वाचत नाही.

हवेचं तसंच, फक्त तिचा स्वभाव उसळीचा. मशीनच्या लाइनीवरचा व्हॉल्व्ह असा घ्या की बंद केल्यावर पुढच्या बाजूची हवा बाहेर सोडेल. साधा बॉल व्हॉल्व्ह नुसता अडवतो आणि सिलिंडरमधली हवा तिथंच राहते. नंतर कुणी हातानं सोलेनॉइड (व्हॉल्व्ह हलवणारी विजेची कॉइल) दाबला की सिलिंडर एकदा पूर्ण मारतो, आणि त्या एका माऱ्याला वीज लागत नाही.

पॉवर प्रेसचं फ्लायव्हील मोटर बंद झाल्यावर कितीतरी वेळ फिरत राहतं. ते थांबेपर्यंत क्लच लागला तर रॅम खाली येतो. फ्लायव्हील डोळ्यांनी थांबलेलं बघा, मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक घाला. लाकडाचा ठोकळा नको, वजन पेलेल असा लोखंडी, रॅमच्या उंचीला मापून केलेला हवा. उचललेली बादली, वर राहिलेली मोल्डिंग मशीनची प्लेट, कन्व्हेयरच्या बेल्टला ताण देणारं वजन, बकेट एलेव्हेटरच्या एका बाजूच्या भरलेल्या बादल्या, हे सगळं गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर लटकलेलं असतं. एलेव्हेटरची साखळी सोडली की भरलेली बाजू सगळं खाली ओढते. पिन घाला, टेकू द्या, बांधा.

कॅपॅसिटर बँक आणि ड्राइव्ह (मोटरीचा वेग बदलणारं यंत्र) उघडायचे असतील तर थांबायला शिका. ड्राइव्हवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं. ते वाचा, तेवढं थांबा आणि त्यानंतरही डीसी बसवर मीटर लावूनच हात घाला. आत डिस्चार्जसाठी बसवलेला रेझिस्टर जळालेला असेल तर छापलेल्या मिनिटांना काही अर्थ उरत नाही.

वाफेच्या लाइनीवर एका व्हॉल्व्हवर विश्वास ठेवायचा नाही. जुन्या व्हॉल्व्हची सीट गळते, चाक कितीही आवळा. माणूस आत जाणार असेल तर फ्लँज उघडून ब्लाइंड प्लेट टाका, किंवा दोन व्हॉल्व्ह बंद करून मधला ड्रेन उघडा ठेवा. थंड व्हायला वेळ द्या. पाइपात साठलेलं गरम पाणीही भाजतं.

काय बंद करायचं नाही

हे कमी ठिकाणी सांगितलं जातं, म्हणून वेगळं लिहितो. इंडक्शन फर्नेसमध्ये धातू किंवा तापलेलं अस्तर असताना पॉवर तोडली तरी कॉइलचं पाणी चालूच राहायला हवं. सगळंच बंद करायच्या उत्साहात कुणी पाण्याच्या पंपालाही कुलूप लावलं तर कॉइल जळते, आणि पाणी वितळलेल्या धातूला भेटलं तर स्फोट होतो. फर्नेसच्या कुंडलीवर लाल अक्षरांत लिहा: पाणी चालू, आणीबाणीचं पाणी तयार. मॅग्नेटच्या क्रेनचंही तसंच. मॅग्नेटला लोखंड लटकलेलं असताना सप्लाय तोडायचा नाही. आधी खाली ठेवायचं.

खात्री

आता तपासा, आणि तपासताना असं धरून चाला की आपलं काहीतरी चुकलंय.

सगळ्यांना मशीनपासून लांब करा. चालू करायचं बटण दाबा, नेहमीच्या जागेवरून आणि पेंडंट असेल तर तिथूनही. काही हललं नाही की सिलेक्टर परत ‘बंद’वर आणा, हे विसरलं तर कुलूप काढताक्षणी मशीन सुटतं. पण एवढ्यानं भागत नाही, कारण मशीन न सुटण्याची कारणं अनेक असतात: गार्ड उघडा आहे, ओव्हरलोड ट्रिप आहे. म्हणून वायरिंगला हात लावायचा असेल तर मीटर.

मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा, मग आपल्या टर्मिनलवर, मग परत चालू ठिकाणी. दोनदा जिवंत दाखवणारा मीटरच मधल्या शून्याची साक्ष देऊ शकतो. तिन्ही फेज एकमेकांशी, प्रत्येक फेज न्यूट्रलशी आणि प्रत्येक अर्थशी. खिशातला दिवेवाला टेस्टर फक्त ‘आहे’ हे सांगण्यापुरता ठीक. ‘नाही’ हे त्याच्या तोंडून कधी मान्य करू नका. ११ केव्हीचं काम असेल तर ते परवानाधारकाचंच. हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) बाजूची लाइन असेल तर लेखी लाइन क्लिअर (लाइन बंद केल्याचा दाखला) हातात येईपर्यंत, आणि डिस्चार्ज रॉड लावून अर्थ करेपर्यंत, कुणी पुढं सरकायचं नाही. तोंडी ‘काढली लाइन’ला किंमत शून्य.

टाकी, खड्डा, मळीची टाकी, बॉयलरचा ड्रम असेल तर कुलूप ही फक्त सुरुवात. हवा तपासून सक्षम माणसाचं लेखी प्रमाणपत्र, बाहेर उभा असलेला पहारेकरी, दोर आणि पट्टा हे सगळं लागतं, आणि आत न्यायचा दिवा २४ व्होल्टच्या वर नको, हे जुन्या कायद्याचं कलम ३६-अ सांगायचं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे; इथं इतकंच, की बेशुद्ध पडलेल्याला काढायला दुसऱ्यानं तसंच उडी मारायची नाही.

पुष्कळ माणसं, पुष्कळ स्विच

साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होतं. केन कॅरियर, लेव्हलर, कटर, मिलच्या मोटरी, तोडायच्या पंधरा-वीस जागा आणि तीन ठेकेदारांची चाळीस माणसं. प्रत्येकानं प्रत्येक स्विचला कुलूप लावायचं म्हटलं तर सहाशे ते आठशे कुलपं होतील. इथं पेटी कामाला येते. एक जबाबदार माणूस सगळ्या जागा कुलूपबंद करतो, त्या सगळ्या किल्ल्या पेटीत टाकतो, पेटीला हॅस्प लावून पहिलं कुलूप स्वतःचं घालतो. मग आत जाणारा प्रत्येकजण पेटीला आपलं कुलूप लावतो. शेवटच्या माणसाचं कुलूप निघेपर्यंत पेटी उघडत नाही आणि पेटी उघडल्याशिवाय एकही स्विच उघडत नाही. जबाबदार माणसाचं कुलूप सगळ्यांत आधी लागतं आणि सगळ्यांच्या नंतर निघतं.

ठेकेदाराच्या मुकादमानं "माझ्या बारा जणांचं मी लावतो" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. तो बाहेर विडी ओढत असताना आत कोण आहे ते त्यालाही नक्की माहीत नसतं. जास्तीची कुलपं कारखान्यानं स्टोअरमध्ये ठेवावीत; ठेकेदार आणेल या भरवशावर राहू नये.

पाळी बदलताना काम अर्धं असेल तर येणाऱ्यानं आधी आपलं कुलूप लावायचं, मग जाणाऱ्यानं आपलं काढायचं. मशीनजवळ, समोरासमोर, काय उघडं आहे ते दाखवत. गेटवर भेटून किल्ली हातात देणं म्हणजे पाळी बदलणं नव्हे.

मधेच चाचणी घ्यायची वेळ येते, मोटर एकदा फिरवून बघायची. तेव्हा हत्यारं उचला, माणसं बाजूला करा, कुलपं काढा, चाचणी घ्या, आणि नंतर सगळा क्रम पहिल्यापासून: तोडणं, कुलूप, सोडणं, तपासणं. ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणून दुसऱ्या वेळी कुलूप न लावण्याचा मोह याच क्षणी होतो.

एखादा कुलूप लावून घरी गेला तर

असं होतंच. कटर आणायला पळायचं नाही. आधी त्याला फोन. तो कारखान्याच्या आवारात नाही याची गेटवरून, हजेरीवरून, पार्किंगमधल्या गाडीवरून खात्री करा. जवळच्या गावात राहत असेल तर त्याला बोलावून त्याच्या हातूनच काढा. अनगोळ-माजगावाहून उद्यमबागेत यायला फार वेळ लागत नाही. ते शक्यच नसेल तर मॅनेजरनं स्वतः मशीनपाशी येऊन, आतून-बाहेरून बघून, वहीत लिहून, सही करून कुलूप तोडावं. दुसऱ्या दिवशी त्या माणसानं काम सुरू करायच्या आधी त्याला सांगायचं की तुझं कुलूप काढलंय. नाहीतर तो आपल्या जुन्या कुलपाच्या भरवशावर सरळ आत हात घालेल.

परत चालू करताना

हत्यारं मोजा. आत नेलेले पाने, कापडं, अर्थिंगची वायर. गार्ड परत बोल्टसकट बसवा, ‘उद्या लावू’ नको. माणसं मोजा, नावानं. मग प्रत्येकजण आपलं कुलूप आपल्या हातानं काढेल. ठोकळे आणि पिना निघाल्या का बघा, ड्रेन बंद झाले का बघा. हवा आणि तेल हळूहळू भरा. मोटरीच्या वायरी सोडल्या असतील तर कपलिंग जोडण्याआधी ती कोणत्या दिशेनं फिरते ते एका झटक्यात बघून घ्या. दोन फेज उलटे झाले की पंप उलटा फिरतो आणि कन्व्हेयर माल मागं ढकलतो. ज्यांना सुरुवातीला सांगितलं होतं त्यांना परत सांगा आणि मगच स्टार्ट दाबा.

वडगाव-खासबागेतल्या मागवाल्यांना किंवा दोन लेथ आणि एक ड्रिल असलेल्या वर्कशॉपला एवढं सगळं लागत नाही. तिथं एक मशीन, एक सप्लाय, एक माणूस. प्लग काढून हाताशी, नजरेसमोर ठेवला तरी मोठं काम होतं. पक्की जोडणी असेल तर एक कुलूप. सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर ज्या मशीनच्या आत अख्खा माणूस मावतो तिथून: मिक्सर, शॉट ब्लास्टिंगची चेंबर, हॉपर, कन्व्हेयरचा खड्डा. त्यानंतर प्रेस.

आणि खंडेनवमी. वर्षातून त्या एका दिवशी आपल्याकडे प्रत्येक मशीन आतून-बाहेरून पुसलं जातं, घरची पोरंबाळं आणि पाहुणेसुद्धा शेडमध्ये येतात, मशीनच्या पात्यांना आणि पुलीला हळदकुंकू लागतं, आणि मेन मात्र लाइटिंगसाठी चालू असतो. आदल्या दिवशी लाइटिंगचा फीडर सोडून सगळ्या मशीनच्या आयसोलेटरना कुलूप लावा. पण ती लावण्याआधी सगळी कुलपं आणि किल्ल्या एका टेबलावर मांडा. बाजारातून एका खोक्यातून आणलेल्या स्वस्त कुलपांत एकाची किल्ली दुसऱ्याला लागते, हे मी स्वतः पाहिलंय. प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपात घालून बघा. दुसऱ्याच्या किल्लीनं उघडलेलं कुलूप त्याच दिवशी बाहेर काढा आणि त्या माणसाला नवं द्या.